कॅज्युअल्टीत ट्रायाजला पहिलं पोस्टिंग पडलंय? आधी श्वास मोजायला शिका

दर वर्षी पावसाळा सुरू व्हायच्या सुमाराला आमच्या कॅज्युअल्टीत नवीन मुलंमुली येतात, कोणी जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) होऊन, कोणी इंटर्नशिपला, काही जण बांद्याहून सावंतवाडीहून रोज बसने ये-जा करणारे. पहिल्या आठवड्यात ट्रायाजच्या टेबलावर, म्हणजे आलेल्यांपैकी कोणाला आधी आत घ्यायचं ते ठरवायच्या जागी, बसवलं की चेहरा पांढरा पडतो. प्रत्येकाला मी तेच ते तोंडी सांगते, रात्री दोन वाजता, मध्ये तीनदा उठून. म्हणून म्हटलं एकदा नीट लिहूनच काढू. पुस्तकात आहे ते पुस्तकात वाचाच, मी टेबलावर बसल्यावर हाताने काय करायचं ते सांगते.

सगळ्यात आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा. ट्रायाजवर तुम्हाला आजार ओळखायचा नाहीये. "याला काय झालंय" हे डॉक्टर बघतील, तुम्हाला फक्त "हा थांबू शकतो का, आणि किती वेळ" एवढंच ठरवायचंय. नवीन लोक इथेच अडकतात, पेशंटची पूर्ण हिस्ट्री घेत बसतात, कुठे दुखतं, कधीपासून, आधी कोणाला दाखवलं, कुठल्या गोळ्या चालू आहेत, आणि मागे लाईनीत तिसऱ्या नंबरवर कोणीतरी निळं पडत असतं. एका पेशंटला दोन ते पाच मिनिटं, बास.

ट्रायाज हा शब्द फ्रेंच, निवडणे असा अर्थ, आपण तांदूळ निवडतो तसं. नेपोलियनच्या सैन्यातला सर्जन डॉमिनिक लॅरे याने जखमी माणसाचा हुद्दा बघायचा नाही, जखम बघायची असा नियम घातला होता. हे मी मुद्दाम सांगते कारण गोवा लहान आहे, इथे प्रत्येक जण कोणाचा तरी भाचा असतो. टेबलावर बसलात की फोन येणारच, "अमक्यांचा माणूस येतोय, जरा बघा". बघायचं. पण श्वास, पल्स, बीपी जे सांगेल तोच नंबर द्यायचा. एकदा का हुद्द्यावरून नंबर दिला की पुढच्या वेळी तुम्हालाच स्वतःच्या नंबरवर भरवसा राहत नाही.

दारातून आत येतानाच सुरू करा

पेशंट खुर्चीत बसायच्या आधी तुमचं अर्धं काम झालेलं असतं, जर तुम्ही मान वर करून बघितलंत तर. स्वतः चालत आला की धरून आणला? बोलतोय का, आणि एका दमात किती शब्द बोलतोय? पूर्ण वाक्य बोलत असेल तर दोन मिनिटं आहेत तुमच्याकडे. तीन शब्द, मग दम, परत तीन शब्द, असं असेल तर केसपेपरचं नंतर बघू, आधी आत घ्या. दोन्ही हात गुडघ्यांवर टेकून पुढे वाकून बसलेला माणूस, ओठ करडे, कपाळाला घाम पण हात गार, डोळे उघडे पण कुठेच बघत नाही, आईच्या खांद्यावर लुळं पडलेलं मूल, ही चित्रं डोळ्यात बसवून घ्या. यातलं एक जरी दिसलं तर लाल, म्हणजे लगेच आत (पिवळा थोडा थांबू शकतो, हिरवा जास्त वेळ), मशीन लावायची वाट बघायची नाही.

आणि जो ओरडतोय तो निदान श्वास घेतोय. बाईकवरून पडलेला पर्यटक पाय धरून किंचाळतो, सोबत सहा मित्र, सगळं कॅज्युअल्टी डोक्यावर घेतात, त्यात कोपऱ्यात बाकावर डोकं टेकून बसलेले आजोबा कोणाला दिसतच नाहीत. पाय मोडलेल्याचं दुखणं खरंच असतं, त्याला धीर द्या, स्प्लिंट लावा, दुखणं कमी करायला डॉक्टरांना सांगा, पण नजर कोपऱ्यात पाहिजे.

श्वास

आता मुख्य गोष्ट, ज्यासाठी हे लिहायला घेतलं. कुठल्याही वॉर्डातले जुने चार्ट काढून बघा, श्वासाच्या रकान्यात १८, २०, १८, २०, १८. माणसं काय घड्याळ लावून श्वास घेतात का? कोणी मोजतच नाही. पल्स ऑक्सिमीटर दाखवतो, बीपी मशीन दाखवतं, टेंपरेचर थर्मामीटर दाखवतो, श्वासाला मशीन नाही म्हणून अंदाजे लिहिलं जातं. आणि माणूस खालावायला लागला की बहुतेक वेळा हाच आकडा सगळ्यात आधी हलतो, बीपी तर पार शेवटी पडतं.

माझ्या पहिल्या वर्षातली गोष्ट आहे, हॉस्पिटल कुठलं ते राहू दे. एक आजी आल्या, सत्तरीच्या पुढच्या, दोन दिवस ताप आणि अंगात ताकद नाही एवढंच सांगत होत्या. बीपी १०४, सॅचुरेशन (रक्तातला ऑक्सिजन) ९५, शांत बसलेल्या, डोक्यावर पदर. मी श्वास २० लिहिला, मोजला नव्हता. हिरवा दिला आणि बाकावर बसवलं. पाऊण तासाने आमच्या अटेंडंटने हाक मारली, "सिस्टर, आजी बघा कशा करतायत". जाऊन मोजला तर ३४. लघवीचं इन्फेक्शन रक्तात गेलं होतं. आजी वाचल्या, नऊ दिवस आयसीयूत काढून. पण आल्या तेव्हाच मोजला असता तर तेव्हाच तो २६-२८ तरी असणार, आणि पाऊण तास फुकट गेला नसता, हे मला आजही लागतं.

तर मोजायचा कसा. पेशंटला "श्वास मोजते" असं सांगायचं नाही, सांगितलं की तो वेगळा घ्यायला लागतो. मनगट हातात घ्या पल्स बघतोय असं दाखवून, पल्स खरंच बघा पण, आणि मग हात तसाच ठेवून नजर गळ्याच्या हाडाजवळ किंवा पोटावर न्या. शाल किंवा पदर असेल तर त्याची कड वर-खाली होते ती बघा. भिंतीवरच्या घड्याळात पूर्ण ६० सेकंद. पंधरा सेकंद मोजून चारने गुणायचं नाही, एक श्वास इकडेतिकडे झाला तर चारचा फरक पडतो, आणि मध्येच थांबून थांबून घेणारे पेशंट तर निसटतातच. मोठ्या माणसाचा १२ ते २०. लहान मुलांचं वेगळं: दोन महिन्यांच्या आतलं बाळ ६० किंवा जास्त, दोन महिने ते एक वर्ष ५० किंवा जास्त, एक ते पाच वर्षं ४० किंवा जास्त म्हणजे जलद, हे डब्ल्यूएचओचे आकडे पाठच करा. मुलाचा शर्ट वर करून बघायचा, बरगड्यांच्या मध्ये खड्डा पडतो का, नाकपुड्या फुलतात का. रडणाऱ्या मुलाचा श्वास मोजून उपयोग नाही, आईला जवळ घेऊ दे, शांत होऊ दे, मग.

बाकीचे आकडे

तुमच्या युनिटचा चार्ट भिंतीवर असेल तर तोच पाळा, कुठे तीन रंग असतात कुठे पाच लेव्हल. चार्ट नसेल तर ब्रिटनचा न्यूज टू स्कोअर, पेशंट किती खालावलाय ते गुणांत मोजणारा, बऱ्याच ठिकाणी वापरतात, त्यात मोठ्या माणसाला एकाच गोष्टीत थेट ३ गुण कधी मिळतात ते लक्षात ठेवा: श्वास २५ किंवा वर, किंवा ८ किंवा खाली, सॅचुरेशन ९१ किंवा कमी, वरचं बीपी ९० किंवा कमी, पल्स १३० च्या वर, किंवा ४० आणि खाली, आणि माणूस नव्याने गोंधळल्यासारखा बोलत असेल तर. यातला एक जरी आकडा आला की मी डॉक्टरांना उठून सांगायला जाते, चिठ्ठी पाठवत नाही. वर्षानुवर्षं विडी ओढून छाती खराब झालेल्या काही पेशंटचं सॅचुरेशन नेहमीच ८८ ते ९२ असतं, त्यांना नातेवाईक सांगतात "तेंचें तशेंच आसता", ते ऐका, पण श्वास मोजूनच.

सॅचुरेशनवर आंधळा भरवसा नको. बोटं गार पडलेली असतील, नेलपॉलिश असेल तर आकडा चुकतो, चवथीच्या दिवसांत गडद मेंदी असते तेव्हाही बोट बदलून किंवा कानाच्या पाळीला लावून बघते मी. बंद खोलीत धुरात सापडलेल्या माणसाला ९९ दाखवेल आणि माणूस आतून गुदमरत असेल, कारण मशीनला कार्बन मोनॉक्साइड आणि ऑक्सिजन यातला फरक कळत नाही.

पल्स आणि वरचं बीपी शेजारी शेजारी ठेवून बघायची सवय लावा. पल्स बीपीच्या वर गेली, म्हणजे पल्स ११८ आणि बीपी १०६ असं काही, तर माणूस कुठेतरी रक्त किंवा पाणी गमावतोय असं धरून चाला, जरी तो "बरा आसां" म्हणत असला तरी. बीटा ब्लॉकर (पल्स मंद ठेवणारी बीपीची गोळी) घेणाऱ्यांची पल्स मात्र वाढतच नाही, म्हणून बीपीची गोळी विचारायचीच.

झापड आलेल्या प्रत्येकाची शुगर. प्रत्येकाची म्हणजे प्रत्येकाची. दारूचा वास येतोय म्हणून "पिऊन आलाय, झोपू दे" हे वाक्य कॅज्युअल्टीत मी कोणाला बोलू देत नाही. वास येत असला तरी शुगर ४० असू शकते, डोक्यात रक्तस्राव असू शकतो, दोन्ही एकत्र असू शकतं. बोटाला सुई टोचायला एक मिनिट लागत नाही.

आकड्यात न बसणारे

काही पेशंटचे आकडे चांगले असतात आणि तरी ते थांबू शकत नाहीत. यांच्यासाठी तुमचं डोकं लागतं.

छातीत दुखणं म्हणजे आल्यापासून १० मिनिटांत ईसीजी, काढून डॉक्टरांच्या हातात. पण इथे गोम अशी आहे की निम्मे लोक छाती म्हणतच नाहीत. "गॅस झालाय", "पोटाच्या वर जळजळ", "डावा हात जड", बायका तर "नुसता दम लागतो आणि कसंतरी होतं" एवढंच. डायबेटिसवाल्याला कधीकधी दुखतही नाही, नुसता घाम फुटतो. जुनी कोकणी बोलणारी माणसं "हर्द्यांत दुखता" म्हणतील, "घुंवळ येता" म्हणजे चक्कर, "ओंकारे येतात" म्हणजे उलट्या, हे शब्द सिंधुदुर्गातून कोल्हापुरातून येणाऱ्यांनी पहिल्याच दिवशी शिकून घ्या. चाळिशीच्या वरचा माणूस गॅस म्हणून आला की मी ईसीजी काढते, दहातले आठ नॉर्मल निघाले तरी मला चालतं. तुम्ही प्राथमिक आरोग्य केंद्रात असाल तरी "आमच्याकडे काही नाही, बांबोळीला न्या" म्हणून नुसतं गाडीत घालू नका. गोव्यात हार्ट अटॅकसाठी स्टेमी प्रोजेक्ट आहे, केंद्रावरून ईसीजी गोमेकॉच्या (बांबोळीच्या गोवा मेडिकल कॉलेजच्या) हृदयरोग तज्ज्ञांना पाठवता येतो आणि गुठळी विरघळवायचं इंजेक्शन तिथेच सुरू करता येतं. काणकोणहून किंवा सत्तरीच्या आतल्या गावातून बांबोळी गाठेपर्यंत जो वेळ जातो तेवढ्यात हृदयाचा स्नायू मरत असतो.

तोंड वाकडं, एक हात खाली पडतो, बोलणं अडखळतं, म्हणजे स्ट्रोक. इथे प्रश्न एकच महत्त्वाचा, आणि तो नीट विचारा: शेवटचं चांगलं कधी पाहिलं होतं? सकाळी सहाला उठवायला गेलो तेव्हा असं दिसलं, हे उत्तर चालत नाही, रात्री झोपताना दहाला ठीक होते तर वेळ दहाची धरायची. गुठळी विरघळवायच्या इंजेक्शनची साधारण मर्यादा साडेचार तास असते, तो हिशेब तुम्ही लिहिलेल्या वेळेवर होतो.

आता साप. पावसाळ्यात हे होतंच. नाग किंवा घोणस चावली तर लोक स्वतःच धावत येतात, सूज असते, भीती असते, कोणी विचारायची गरज नाही. मला मण्यारची भीती वाटते. ती रात्री चावते, जमिनीवर झोपलेल्याला, दुखत जवळजवळ नाही, दातांच्या खुणा शोधूनही सापडत नाहीत. पहाटे माणूस पोटात दुखतंय, घसा धरलाय म्हणून येतो आणि पोटदुखीच्या लाईनीत बसतो. तुम्ही चेहऱ्याकडे बघा, पापण्या अर्ध्या मिटलेल्या, "वर बघा" म्हटलं तर डोळे उघडता येत नाहीत, आवाज नाकातून. झोप आलीय असं वाटतं बघणाऱ्याला. पावसाळ्यात पहाटेच्या पोटदुखीला मी एकच प्रश्न जास्तीचा विचारते, "रात्री खाली झोपला होता का?" हो म्हटलं आणि पापण्या जड असल्या की थेट लाल, कारण पुढे काही वेळात श्वासाचे स्नायूच बंद पडतात. कोणी पायाला दोरी करकचून बांधून आणलं असेल तर ती तुम्ही टेबलावर सोडायची नाही, डॉक्टर आणि तयारी असेल तिथेच सोडायची.

समुद्रातून काढलेला माणूस उठून बसला, बोलला, "मला हॉटेलवर जायचंय" म्हणाला तरी हिरवा नाही. फुप्फुसात पाणी गेलेलं असेल तर दम नंतर काही तासांनी लागतो. पिवळा द्या, नजरेसमोर ठेवा, श्वास परत परत मोजा.

मूल होण्याच्या वयातली बाई पोटात दुखतंय आणि चक्कर आली म्हणून आली की गर्भनलिकेतलं गर्भारपण फुटलंय असं धरून चालायचं, नाही हे सिद्ध होईपर्यंत, पाळी चुकली नाही म्हणाली तरी. पोट दिसणारी गरोदर बाई असेल तर डाव्या कुशीवर. बाळंत होऊन सहा आठवडे झाले नाहीत अशी बाई, डोकं खूप दुखतंय, डोळ्यासमोर अंधारी येतेय म्हणाली तर बीपी लगेच. तीन महिन्यांच्या आतलं बाळ तापाने आलं तर हसत असलं तरी थांबवायचं नाही. जीभ सुजतेय, अंगावर गांध्या, घशात घरघर, तिसवल्या (शिंपल्या) किंवा सुंगटं (कोळंबी) खाऊन आलाय असं सांगतात, तर बोलत बोलतच आत न्या.

अपघाताची केस असली की काही ठिकाणी अजून आधी पोलीस, आधी एमएलसीचे (पोलिसांसाठीच्या मेडिको-लीगल केसचे) कागद असं चालतं. १९८९ मध्येच सुप्रीम कोर्टाने परमानंद कटारा केसमध्ये स्पष्ट सांगितलंय की आधी जीव, कागद नंतर. एमएलसी करायचीच, पण ऑक्सिजन लावून झाल्यावर. आणि जखमीला घेऊन आलेल्या अनोळखी माणसाला अडवून ठेवू नका, मोटार वाहन कायद्यात २०१९ ला त्याच्यासाठी वेगळं संरक्षण आलंय, नाव-पत्ता द्यायचा की नाही हे त्याने ठरवायचं.

एकदम खूप जण आले तर

२०२५ च्या मे महिन्यात शिरगावच्या लईराईच्या जत्रेत चेंगराचेंगरी झाली ते सगळ्यांना आठवतं. बस उलटली, बोट उलटली, काहीही होऊ शकतं. अशा वेळी रोजचं गणित बदलतं. रोज आपण सगळ्यात सिरियस माणसाला सगळं देतो, अशा वेळी हात कमी आणि माणसं जास्त म्हणून जास्तीत जास्त जण कसे वाचतील हे बघायचं. कॅलिफोर्नियात १९८३ च्या सुमाराला तयार झालेली स्टार्ट पद्धत यासाठी सोपी आहे, एका माणसाला एक मिनिटाच्या आत.

मोठ्याने सांगा, ज्यांना चालता येतं त्यांनी त्या भिंतीकडे जा. ते हिरवे, सध्या तरी. मग पडलेल्यांपैकी जो सगळ्यात जवळ त्याच्यापासून सुरू. श्वास नाही? मान सरळ करून हनुवटी उचला. तरीही नाही, तर काळा टॅग, म्हणजे वाचवता येणार नाही, आणि पुढे जायचं. आला, तर लाल. श्वास आहे पण ३० च्या वर, लाल. मनगटाची पल्स लागत नाही किंवा नख दाबून सोडल्यावर रंग यायला दोन सेकंदांच्या वर लागतात, लाल. "माझा हात दाबा" म्हटलं आणि दाबला नाही, लाल. हे सगळं ठीक असलं तर पिवळा. मध्ये थांबून फक्त दोन गोष्टी करायच्या, श्वासाची वाट मोकळी आणि वाहतं रक्त दाबून बंद. लहान मुलाला श्वास नसेल पण पल्स असेल तर काळा द्यायच्या आधी पाच श्वास द्यायचे.

काळा टॅग बांधून पुढे जाणं फार जड जातं. पहिल्यांदा करणाऱ्याचे हात थरथरतात, मी पाहिलंय. नंतर त्या मुलीला किंवा मुलाला एकटं सोडू नका, चहाला न्या, बोलू द्या.

एक अपवाद लक्षात असू दे, वीज पडून आलेले. शेतात, मैदानावर एकाच वेळी चारपाच जण. तिथे जे मेल्यासारखे पडलेत त्यांच्याकडे आधी जायचं, कारण विजेने हृदय आणि श्वास थांबतो पण सीपीआर लगेच दिला तर परत येण्याची शक्यता चांगली असते, आणि जे बोलतायत कण्हतायत ते बहुतेक वाचतात.

परत बघा

१०.१० ला दिलेला हिरवा १०.४० ला हिरवाच असेल असं काही नाही. मी केसपेपरच्या कोपऱ्यात रंगाबरोबर वेळ लिहिते, नुसता रंग कधीच नाही. पिवळ्यांना पंधरा-वीस मिनिटांनी, हिरव्यांना साधारण तासाने, आणि नातेवाईकाने "सिस्टर जरा बघा" म्हटलं की कधीही. नातेवाईक कटकट करतात असं वाटतं, पण त्या माणसाला रोज बघणारे तेच, "असे कधी करत नाहीत हे" हे वाक्य मी बीपीच्या आकड्याइतकंच धरते. बाकावरच्या लोकांना येऊन सांगत राहा, आत एक सिरियस आहे, तुमचा नंबर अजून अर्ध्या तासाने, काही जास्त वाटलं तर मला हाक मारा. एवढं सांगितलं की निम्मी भांडणं होतच नाहीत. १०८ वाले फोन करून काय आणतोय ते सांगतात तेव्हा ऐकून लिहून ठेवा आणि बेड मोकळा करून ठेवा, पण पेशंट आला की स्वतः परत मोजा, मांडवी ओलांडेपर्यंतही माणूस बदलतो.

ड्युटी बदलताना फाईली देऊन निघायचं नाही. पुढच्या सिस्टरला बाकापाशी नेऊन एकेक पेशंट दाखवायचा, हे अमके, पिवळा, शेवटचा श्वास २२, साडेसातला मोजलेला. आणि पहाटे बाकावर जे कोणी झोपलेले असतील त्यांना हलवून उठवायचं, नाव विचारायचं, नाव सांगितलं की मग म्हणायचं, झोपा काका.